गोव्यातलं पाणी डोंगरावरून समुद्रापर्यंत जाताना वाटेत काय काय करतं

साखळीहून केरी करत चोर्ला घाट चढलात आणि बेळगावच्या वाटेला लागलात की कर्नाटकाच्या हद्दीत कणकुंबी गाव लागतं. तिथं माउली देवीचं देऊळ आहे आणि मलप्रभा नदीचा उगम तिथलाच. गंमत अशी की गावाच्या एका अंगाला पडलेला पाऊस मलप्रभेत जातो, मलप्रभा पूर्वेला जाऊन कृष्णेला मिळते, आणि कृष्णा पार आंध्रात जाऊन बंगालच्या उपसागराला मिळते. दुसऱ्या अंगाला पडलेला पाऊस कळसा नाल्यातून म्हादईत येतो, आणि म्हादई म्हणजे आपली मांडवी, ती पणजीपाशी अरबी समुद्राला मिळते. कौलारू घराचा आढा असतो ना, त्याच्या अलीकडे पडलेला थेंब अंगणात येतो नी पलीकडे पडलेला परसात जातो, तसंच हे आहे. डोंगराच्या त्या आढ्यापासून खाली नदीच्या मुखापर्यंतची जेवढी जमीन आपलं सगळं पाणी एकाच नदीला देते तेवढ्या जमिनीला त्या नदीचं पाणलोट क्षेत्र म्हणायचं.

हे पाणलोट एकात एक असतात. तुमच्या वाड्यावरच्या व्हाळाचा, म्हणजे ओढ्याचा, स्वतःचा छोटा पाणलोट असतो, तो व्हाळ वाळवंटी नदीला मिळत असेल तर तो वाळवंटीच्या पाणलोटाचा भाग, आणि वाळवंटी मांडवीला मिळते म्हणून शेवटी सगळं मांडवीचं. मांडवीचा एकूण पाणलोट २०३२ चौरस किलोमीटर आहे, त्यातला १५८० गोव्यात, ३७५ कर्नाटकात आणि ७७ महाराष्ट्रात. गोवा आख्खा ३७०२ चौरस किलोमीटरचा, म्हणजे आपल्या राज्याचा चाळीस टक्क्यांहून जास्त भाग एकट्या मांडवीला पाणी देतो. मग झुआरी, तिकडे पेडण्यात तेरेखोल, शापोरा, सासष्टीत साळ, काणकोणात तळपण नी गालजीबाग. नदी म्हटलं की आपण नकाशावरची निळी रेघ बघतो, पण त्या रेघेत पाणी कधी येणार, किती गढूळ येणार, एप्रिलमध्ये येणार की नाही हे सगळं त्या रेघेच्या बाहेरच्या जमिनीवर ठरतं, आणि त्या जमिनीवर जे काही जगतं त्याच्यावर ठरतं. पाणी आणि जीवसृष्टी यांचं हे जे देणंघेणं आहे तेच इथं जरा सावकाशीनं सांगायचंय.

आधी पावसाचा हिशोब बघू. किनाऱ्याला वर्षाला साधारण ३००० मिलिमीटर पडतो आणि सत्तरी-सांग्याच्या घाटाकडे ४००० च्या वर. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी, म्हणजे शंभर चौरस मीटरच्या छपरावर वर्षाला तीन लाख लिटर पडतं. एवढं असून एप्रिल-मे आला की कितीतरी गावांत टँकर फिरतात. कारण उघड आहे, हा सगळा पाऊस जवळजवळ चार महिन्यांत येतो आणि घाटमाथा ते समुद्र अंतर जेमतेम साठ किलोमीटर, वाट उताराची. अडवणारं काही नसेल तर पाणी बघता बघता दर्यात. म्हणून गोव्यात पाऊस किती पडतो याला जेवढं महत्त्व तेवढंच, माझ्या मते जास्तच, महत्त्व ते पाणी जमिनीवर किती दिवस थांबतं याला आहे. आणि त्याला थांबवण्याचं काम धरणांच्या कितीतरी आधीपासून झाडं, माती, किडेमुंग्या, खेकडे करत आलेत.

घाटातल्या जंगलात आषाढात उभं राहिलं तर वर धो धो पाऊस चाललेला ऐकू येतो पण अंगावर मात्र तसा सरळ मार बसत नाही. थेंब आधी वरच्या पानावर फुटतो, मग खालच्या पानावर, मग बुंध्यावरून ओघळतो आणि जमिनीवर येतो तेव्हा तिथं पालापाचोळ्याचा थर असतो. हा पाचोळा हातानं बाजूला करून बघा. सर्वात वर सुकी अख्खी पानं, त्याखाली अर्धी कुजलेली, नुसत्या शिरांची जाळी उरलेली, त्यात पांढरे बुरशीचे धागे, आणि त्याखाली काळी भुसभुशीत माती जी बोटानं सुद्धा उकरता येते. त्या मातीत गांडुळांची भोकं, वाळवीची भोकं, खेकड्यांची बिळं, आणि मेलेल्या मुळांच्या जागी राहिलेल्या पोकळ वाटा. पाणी खाली मुरतं ते मुख्य करून या वाटांनी. माती चांगली म्हणजे काय तर तिच्यात अशा वाटा शाबूत असणं, आणि त्या वाटा करणारे जीव जिवंत असणं. तोच उतार जेसीबीनं सोलून काढा, वर ट्रक फिरवा, की या सगळ्या वाटा दबून बंद होतात आणि तोच पाऊस लाल गढूळ होऊन पाच मिनिटांत रस्त्यावर येतो. पाऊस बदललेला नसतो, जमीन बदललेली असते.

इथं एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला पाहिजे, कारण आपल्याकडे झाडं लावा म्हणजे पाणी वाढेल असं सरसकट बोललं जातं. झाडं पाणी पितात. मुळांनी ओढतात आणि पानांतून वाफ करून हवेत सोडतात, आणि दाट जंगल वर्षभरात बरंच पाणी असं परत हवेला देतं. म्हणजे वर्षाची बेरीज केली तर जंगलातून येणारं नदीचं एकूण पाणी उघड्या डोंगरापेक्षा कमी सुद्धा भरू शकतं. पण उघड्या डोंगराचं पाणी सगळं जुलैत पुरासारखं येतं आणि जंगलाचं पाणी मुरून मुरून जानेवारी-फेब्रुवारीत, कधी मे महिन्यापर्यंत झिरपत राहतं. आपल्याला हवं असतं ते मे मधलं पाणी. आणि म्हणून कुठलंही झाड चालेल असंही नाही, एकाच जातीची अकेशियाची लागवड आणि जुनं मिश्र जंगल यांत खालच्या मातीचा फरक फार असतो, पाचोळा वेगळा, त्यात राहणारे जीव वेगळे, मुरण्याचा वेग वेगळा. जुन्या जंगलाची माती बनायला शेकडो वर्षं जातात, ती वनमहोत्सवात लावता येत नाही. २०२३ च्या मार्चात म्हादई अभयारण्यात आगी लागल्या तेव्हा बातम्यांत झाडं किती जळली याचीच चर्चा जास्त झाली, पण आग जेव्हा पाचोळ्यातून सरकत जाते तेव्हा पुढच्या पावसाचं पहिलं पाणी झेलणारा थर जातो, आणि मला जास्त काळजी त्याची वाटते.

सत्तरीतल्या देवराया याचा फार सुंदर नमुना आहेत. केरीची आजोबाची राय, बांबरची निरंकाराची राय. निरंकाराच्या रायीत रानटी जायफळाच्या कुळातली झाडं आहेत, ती दलदलीत उभी असतात, वर्षभर पाय पाण्यात. चिखलात हवा नसते, मग मुळांनी श्वास घ्यायचा कसा, तर त्यांची मुळं गुडघ्यासारखी वाकून चिखलाच्या वर येतात आणि तिथून हवा घेऊन परत खाली जातात. अशी जायफळाची दलदल सह्याद्रीत अगदी मोजक्या ठिकाणी उरलीय. ती असते डोंगराच्या पायथ्याला, अगदी सुरुवातीच्या बारक्या झऱ्यांवर, जिथं पाणी रेंगाळतं. झाडं पाण्याला रेंगाळायला लावतात आणि पाणी रेंगाळतं म्हणून झाडं जगतात, यात आधी कोण नंतर कोण हे सांगता येत नाही. लोकांनी देवाच्या भीतीनं म्हणा भक्तीनं म्हणा कोयता लावला नाही म्हणून ती राहिली, आणि खालच्या गावाचं पाणी त्याच रायीतून येतं हे गावातल्या जाणत्यांना कुणी शिकवावं लागलं नाही.

आता व्हाळात उतरू. रानातला व्हाळ सावलीत असतो, ऊन पोचत नाही म्हणून पाण्यात शेवाळ फार वाढत नाही. मग तिथले जीव खातात काय? पानं. वरून पडलेलं पान एकदोन दिवसांत पाण्यात मऊ होतं, त्यावर बुरशी चढते, आणि मग बारीक किड्यांच्या अळ्या ते कुरतडायला लागतात. यातल्या काही अळ्या वाळूचे कण, पानांचे तुकडे आपल्या लाळेच्या धाग्यानं चिकटवून एक नळी बनवतात आणि त्या नळीसकट दगडावर सरकत जातात, तुम्ही व्हाळातला दगड उलटा केलात तर नक्की दिसतील, पेन्सिलच्या टोकाएवढ्या. त्यांनी कुरतडलेला चुरा पाण्याबरोबर खाली जातो, तो गाळून खाणारे दुसरे जीव खाली असतात, त्यांना चतुराची पाण्यातली पिल्लं खातात, त्यांना मासे, माशांना खंड्या आणि हुदाळं, म्हणजे पाणमांजरं. अशी ही साखळी जंगलातल्या एका पानापासून चालू होते. काठावरची झाडं तोडली तर पाणी तेवढंच राहील, पण ते तापेल, तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी राहतो, पानं येणं थांबतं, आणि नळीवाली अळी सर्वात आधी नाहीशी होते. व्हाळाचं पाणी स्वच्छ आहे का हे बघायला प्रयोगशाळेत जायच्या आधी दगडाखाली कोण राहतं हे बघावं, बऱ्यापैकी खरं उत्तर मिळतं.

मग सडे. सड्यांबद्दल मला जरा जास्त लिहायचंय कारण सरकारी कागदावर त्यांना पडीक जमीन म्हणून टाकतात आणि तिथंच सगळं बिघडतं. सडा म्हणजे जांभ्या दगडाचं सपाट पठार. उन्हाळ्यात करपलेलं दिसतं, पाय भाजतो, एक झाड नाही. पण जांभा दगड वरून टणक असला तरी आत भेगा, भोकं, पोकळ्या यांनी भरलेला असतो. पावसाचं पाणी त्यातून खाली जातं, आणि खाली चिकणमातीचा एक थर असतो ज्यातून ते सहजी आरपार जात नाही. मग ते त्या थरावरून आडवं सरकतं आणि पठाराच्या कडेला, डोंगराच्या कुशीत जिथं तो थर उघडा पडतो तिथं झर होऊन बाहेर येतं. म्हणून गोव्यातले बरेच झर तुम्हाला सड्याच्या माथ्यावर नाही तर पायथ्याला दिसतील, आणि त्याच्या शेजारी देऊळ, तळी आणि खाली कुळागर, म्हणजे पोफळी-माडांची बाग. गाव वसलंय ते त्या झरीच्या भरवशावर, आणि झरीचं पाणी वरच्या त्या ओसाड दिसणाऱ्या पठारावरून आलेलं असतं.

त्यात सडा ओसाड नसतोच. जूनमध्ये पहिला आठवडा पाऊस झाला की खळग्यांत पाणी साचतं, बेडूक ओरडायला लागतात आणि ऑगस्टात सगळं पठार बारीक फुलांनी भरतं. त्यातली सीतेची आसवं म्हणून जी जांभळी-निळी फुलं आहेत ती वनस्पती किडे खाते, कारण दगडावरच्या बोटभर मातीत नत्र नसतंच, मग ते किड्यांकडून घ्यायचं. चार महिन्यांत उगवायचं, फुलायचं, बी टाकायचं आणि संपायचं, कारण ऑक्टोबर संपता संपता पाणी गेलेलं असतं. अशा सड्यावर डांबर, काँक्रीट, फरशी घातली की त्या भेगा बंद होतात. वर विमानतळ असो की रिसॉर्ट की हौसिंग कॉलनी, वापर कुठला हा वेगळा वाद आहे, पाण्याच्या दृष्टीनं एवढंच विचारायचं की मुरायची जागा किती झाकली आणि पायथ्याशी कोणाकोणाची झर आहे. वर बोअरवेल मारल्या तर तेच साठवलेलं पाणी वरच उपसलं जातं. झर आटते तेव्हा पायथ्याचा माणूस आकाशाकडे बघतो, खरं तर त्यानं वर डोंगराकडे बघायला पाहिजे.

झरीखालचं कुळागर हे माणसानं पाण्याबरोबर राहायला शिकल्याचं उदाहरण. पोफळी, माड, केळी, वर चढवलेली मिरी, मधूनमधून फणस, जायफळ. पाटानं पाणी खेळवायचं, एका वाफ्यातून खालच्या वाफ्यात, आणि उरलेलं परत व्हाळात. सावली असते, पाचोळा असतो, माती ओली राहते. पावसाळा सरला की व्हाळावर माती-दगडांचा बांध घालून पाणी अडवायचं आणि पाऊस यायच्या आधी तो काढायचा किंवा पावसानंच तो न्यायचा. हल्लीच्या काँक्रीटच्या बंधाऱ्यांना फळ्या असतात, त्या वेळेवर काढल्या नाहीत तर गाळ साचतो आणि माशांची वाट बंद होते. माशांची वाट म्हणजे चढणीचे मासे. पहिल्या दमदार पावसात नदीतले पितोळ, थिगूर वगैरे मासे प्रवाहाच्या उलट चढत व्हाळांत आणि पाणी भरलेल्या शेतांत येतात, अंडी घालायला. शेतातलं उथळ, कोमट, किड्यांनी भरलेलं पाणी पिल्लांना वाढायला उत्तम. म्हणजे शेत सुद्धा नदीचाच भाग असतं, वर्षातले दोनतीन महिने. गाबोळीनं भरलेले मासे त्याच वेळी जाळ्यात, टोपल्यांत धरले जातात, आणि तेवढे चार दिवस तरी ते सोडून द्यावेत असं मला मनापासून वाटतं.

नदी खाली आली की दुसरी गोष्ट सुरू होते, मीठ. गोव्यातल्या नद्यांचा खालचा बराच भाग खरं तर समुद्राचाच हात आहे. मांडवीत भरती-ओहोटी मुखापासून सुमारे पन्नास किलोमीटर आत, गांजेच्या बाजूपर्यंत जाणवते. पावसाळ्यात वरून इतकं गोडं पाणी येतं की मिठाला पार मुखाकडे ढकललं जातं. पाऊस संपला की जोर कमी होतो, आणि मीठ पावलापावलानं आत सरकायला लागतं, नोव्हेंबरात इथवर, फेब्रुवारीत तिथवर, मे महिन्यात सगळ्यात आत. ते किती आत येणार हे वरून उन्हाळ्यात किती गोडं पाणी येतं यावर ठरतं, आणि उन्हाळ्यातलं गोडं पाणी म्हणजे तेच, घाटातल्या पाचोळ्यातून आणि सड्याच्या भेगांतून मुरून आलेलं. फोंडा आणि तिसवाडीला पाणी देणारा ओपाचा प्रकल्प खांडेपार नदीवर आहे, आणि खांडेपार येते दूधसागरच्या डोंगरांतून. पणजीत नळ उघडणाऱ्या माणसाचा त्या डोंगरांतल्या मोलेच्या जंगलाशी संबंध असा थेट आहे, इतका थेट की मोलेतून रेल्वे, रस्ता, वीजवाहिनी न्यायच्या प्रकल्पांविरुद्ध २०२० मध्ये तरुण मुलं रस्त्यावर आली तेव्हा पणजी-मडगावच्या लोकांना ते जंगल आपलं वाटलं याचं मला जराही नवल वाटलं नाही.

खारं आणि गोडं जिथं भेटतं तिथं गोव्यानं जे उभारलं ते म्हणजे खाजन. साधारण अठरा हजार हेक्टर खाजन जमीन आहे आपल्याकडे, पोर्तुगीज येण्याच्या कितीतरी आधीपासूनची. नदीकाठी मातीचा, गवताचा, दगडाचा बांध, आत शेत, शेताच्या मध्ये पोय म्हणजे पाणी खेळायची खोलगट वाट, आणि बांधात एका जागी मानस. मानस हा लाकडी दरवाजा नीट बघण्यासारखा असतो. झडपा अशा बसवलेल्या की भरतीचं पाणी बाहेरून दाबायला लागलं की त्या आपोआप बंद होतात, आणि ओहोटीला आतलं पाणी जड झालं की आपोआप उघडतात. मोटर नाही, वीज नाही, चंद्र वर असेपर्यंत चालणार. जूनचा पाऊस शेतातलं मीठ धुवून काढतो, ते धुतलेलं पाणी ओहोटीला मानशीतून बाहेर जातं, मग कोरगुट भाताची पेरणी, थोडं मीठ सोसणारी ही जात. कापणी झाली की मोजकं खारं पाणी आत घ्यायचं, त्याबरोबर सुंगटं म्हणजे कोळंबी, आणि काळुंदर, शेवटे, चणक या माशांची पिल्लं आत येतात, भाताच्या कुजलेल्या पेंढ्यावर नी त्यातल्या किड्यांवर वाढतात, आणि ओहोटीच्या वेळी मानशीवर जाळं लावून धरायची. मानशीची पावणी म्हणजे लिलाव होतो, त्याचे पैसे बांधाच्या डागडुजीला. भात, मासे, मीठ, पूर सगळं एका लाकडी दरवाजावर. फोंडा तालुक्यातल्या खाजनांत पौष अमावास्येला चिखलाची मगर करून तिची पूजा करतात, मांगे थापणी म्हणतात तिला, आणि कुंभारजुव्याच्या खाडीत खऱ्या मगरी अजून आहेत.

हे सगळं चाललं ते कोणीतरी रोज बघत होतं म्हणून. बांधाला खेकडा भोक पाडतो, ते त्याच दिवशी बुजवलं नाही तर महिन्याभरात भगदाड. पूर्वी ही जबाबदारी गांवकरीची, कोमुनिदादीची, म्हणजे गावाच्या सामायिक जमिनी सांभाळणाऱ्या संस्थेची होती, १९६४ च्या कूळ कायद्यानंतर ती कूळ संघांकडे आली, कुळांना न्याय मिळाला तो हवाच होता, पण बांधाची रोजची निगा बऱ्याच ठिकाणी सुटत गेली. त्यात माशांना जास्त पैसे मिळायला लागल्यावर मानस उघडी ठेवून खारं पाणी जास्त आत घ्यायचा मोह, आणि एकदा शेतात मीठ मुरलं की भात जातं, मग शेतात खारफुटी उगवते. इथं लोक भांडतात, खारफुटी राखायची की शेत. दोन्ही राखायची, पण जागच्या जागी. बांधाच्या बाहेर खारफुटी पाहिजेच, ती लाटांचा मार खाते, तिच्या मुळांत गाळ अडकतो, पानं कुजून बारीक जिवांचं खाद्य होतं आणि मुळांच्या जाळीत पिल्लं मोठ्या माशांपासून लपतात. चोडणच्या सलीम अली पक्षी अभयारण्यात १७८ हेक्टरांत हे सगळं बोटीतून बघता येतं, ओहोटीला जा, चिखलातून वर आलेली पेन्सिलीसारखी श्वासमुळं तेव्हाच दिसतात. बांधाच्या आत मात्र शेतच पाहिजे, कारण ते पावसाळ्यात पुराचं पाणीही सामावून घेतं. ते भराव घालून बंद केलं की पूर कोणाच्या तरी घरात शिरतो, पणजीचा मळा भाग जुलैत तुंबतो त्यामागचं एक मोठं कारण हेच की ही जागा मुळात पाण्याची.

वर काही चुकलं की ते खाली कसं येतं याचा धडा गोव्याला खाणींनी दिला. डिचोली, सत्तरी, सांगे, केपे या भागांत खनिज काढताना डोंगराचा माथा उलटा केला, टाकाऊ मातीचे ढीग पाणलोटाच्या डोक्यावर बसले. पावसात ती बारीक लाल माती व्हाळात, व्हाळातून शेतात आणि नदीत. गाळ नुसता पाणी लाल करत नाही, तो व्हाळातल्या दगडांमधल्या फटी भरतो, त्या फटींतच माशांची अंडी आणि त्या नळीवाल्या अळ्या असतात. शेतात बसलेला थर सुकला की फरशीसारखा कडक होतो. आणि खाणीचे खंदक भूजलाच्या पातळीखाली गेले की आजूबाजूच्या विहिरींचं पाणी खंदकात उतरतं, तिथून पंपानं उपसून बाहेर. २०१२ मध्ये खाणी बंद झाल्या, मग २०१८ च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयानं ८८ लीज रद्द केल्या, लोकांचे रोजगार गेले हेही खरंच आणि ते हलक्यानं घेण्यासारखं नाही. पण ढीग अजून तिथंच आहेत आणि दर पावसात खाली येतात. साळ नदीचं दुखणं वेगळं, तिच्यावर खाण नाही, पण मडगाव आणि आसपासचं सांडपाणी तिच्यात उतरतं. थोडं सेंद्रिय पाणी नदी पचवते, काठच्या पाणथळ जागांतले जिवाणू नत्राचा वायू करून हवेत सोडून देतात, पण त्यासाठी पाणथळ जागा शिल्लक पाहिजेत आणि पाणी वाहतं पाहिजे.

आता सगळ्यात जास्त ऐकू येणारं वाक्य, नदीचं पाणी समुद्रात वाया जातं. म्हादईचं पाणी कर्नाटकानं वळवायचं की नाही या वादात हे कायम येतं. २०१८ च्या ऑगस्टमध्ये लवादानं निवाडा दिला, त्यात खोऱ्यातलं पाणी सुमारे १८८ टीएमसी (टीएमसी म्हणजे हजार दशलक्ष घनफूट) धरलं, कर्नाटकाला १३.४२, गोव्याला २४ आणि महाराष्ट्राला १.३३ टीएमसी. कर्नाटकाच्या वाट्यातलं कळसा नि भांडुरा या नाल्यांतून मलप्रभेत वळवायचं ते ३.९ टीएमसी. मग लोक विचारतात, १८८ मधले ३.९ गेले तर काय बिघडलं, दोन टक्के सुद्धा जेमतेम. मलप्रभेच्या काठच्या लोकांची तहान खोटी नाही, हे आधी मान्य करू. पण १८८ हा वर्षाचा आकडा आहे आणि त्यातलं बहुतेक पाणी पावसाळ्यातलं. ज्या नाल्यातून पाणी वळवायचं त्या नाल्याचा हिशोब वेगळा, त्यात ऑक्टोबरात किती, जानेवारीत किती, त्याच्या खालच्या डोहात मे महिन्यात कोण पाणी पितं, हा हिशोब १८८ या आकड्यात दिसतच नाही. आणि समुद्रात जाणारं पाणी काम करूनच जातं. ते मीठ मागे ढकलतं, गाळ आणि कुजलेला पाला नेऊन खारफुटीला, तिसऱ्या-खुब्यांसारख्या शिंपल्यांना देतं, पावसाळ्यात सुटलेल्या गोड्या पाण्याचा वास धरून कितीतरी मासे-सुंगटं खाडीत येतात नी परत जातात. चणक खाडीत वाढतो आणि अंडी घालायला मुखाकडे खाऱ्या पाण्यात जातो, त्याला दोन्ही पाणी लागतात आणि दोन्हीच्या मधली वाट मोकळी लागते. ताटात चणक हवा असेल तर चोर्ल्याच्या नाल्याचं पाणी सुद्धा त्यात मोजायला लागेल.

तुमच्या गावाचा पाणलोट शोधायला फार काही लागत नाही. जुलैत चांगला पाऊस पडत असताना छत्री घेऊन व्हाळाच्या काठानं वर वर चालत जायचं, पाणी कुठून कुठून येतं ते बघायचं. कुठं स्वच्छ येतं, कुठं लाल येतं. जिथं लाल येतं तिथं वर काय चाललंय ते बघा, डोंगर कापलाय, रस्ता काढलाय, प्लॉट पाडलेत. फेब्रुवारीत त्याच वाटेनं परत जा, कुठवर पाणी आहे ते बघा. दरवर्षी हे कोरडं टोक खाली सरकत असेल तर वरची जमीन पाणी धरत नाही असं समजा. ग्रामसभेत हे सांगताना तारीख घातलेले फोटो असले की बोलणं सोपं जातं. नगरनियोजन कायद्याच्या ३९अ कलमाखाली बागायतीच्या, उताराच्या जमिनींचा झोन बदलायचे अर्ज येतात, त्यांच्या नोटिसा निघतात आणि लोकांकडून हरकती मागवतात. नोटिशीत सर्व्हे नंबर असतो आणि चौरस मीटर असतात, खाली कोणाची झर आहे ते नसतं. ते आपणच लिहून द्यायचं, झरीचं नाव, तिच्यावर चालणारी कुळागरं, विहिरी, आणि ती ज्या व्हाळाला मिळते त्याचं नाव.